तुर्भ्याच्या नॉर्मलबाई

तमाम नवी मुंबईकरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, 'नॉर्मल माणूस' म्हणजे काय, हे बरीच वर्षं तुर्भ्यातल्या एका तीन मजली इमारतीत ठरत होतं आणि ते एकाच बाईच्या रक्तावरून ठरत होतं. ही बाई पाच फूट एक इंच उंच होती, साताऱ्याकडची होती आणि रोज सकाळी सव्वानऊ वाजता स्वतःच्या डाव्या दंडाला रबरी पट्टा बांधून, त्याचं टोक दातात धरून, उजव्या हातानं स्वतःचंच रक्त काढत असे. कृपया सर्वांनी उभं राहावं. बसलात तरी चालेल, पण बोलू नका. बोललेलं त्यांना खपत नसे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, कुणाच्या तोंडी नव्हतं. रोजच्या त्या ट्यूबवर त्या ठळक अक्षरात 'नॉर्मल' लिहीत, म्हणून आम्ही पेशंट मंडळी त्यांना नॉर्मलबाई म्हणायचो. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं 'बाई', कारण 'मॅडम' ही पदवी त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी आधीच अडवून ठेवली होती.

मी तिथं कसा पोचलो तेही सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. माझ्या ग्रंथीत एक छोटी गाठ झाली आणि ती वाढीचं हार्मोन वाटेल तसं उधळायला लागली. ऐन चाळिशीत माझे पाय आठ नंबरवरून अकरा नंबरवर गेले, लग्नातली अंगठी जुईनगरच्या सोनारानं कापून काढली, आणि ऐरोलीच्या ऑफिसात माझं नाक माझ्याआधी दोन मिनिटं पोचायला लागलं. आमची वृंदा म्हणायची, "वयानं भारदस्त दिसायला लागलात." भारदस्तपणा एमआरआयमध्ये दिसला. नाकातून ऑपरेशन झालं, उरलेल्या गाठीसाठी महिन्याला एक इंजेक्शन लागलं, आणि संशोधनासाठी दर तीन महिन्यांनी तुर्भ्याला जाऊन रक्त द्यायचं मी कबूल केलं.

"बाई, माझ्या रक्तात शोधता तरी काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बेली."

"कसल्या बेली?"

"दाराच्या. असं बघा, रक्त म्हणजे सोसायटी. पांढऱ्या पेशी म्हणजे तिच्यातले फ्लॅट, आणि त्यात राहतात आपले राखणदार. ताप आला, जखम झाली, की हेच धावणार. हार्मोन म्हणजे कुरियरवाला. तो सगळ्या सोसायटीभर हिंडतो, पण ज्या दाराला बेल असेल तिथंच निरोप आत जातो. ती बेल म्हणजे रिसेप्टर. आता तुमच्या सोसायटीत कुरियरवाल्यांचा नुसता बाजार भरलाय. मग दारांनी काय केलं? वैतागून बेली काढून ठेवल्या, का आणखी दोन लावल्या? ते आम्ही मोजतो."

"आणि मोजता कशा?"

"बेलीला चिकटणारा रंग असतो, लेझरखाली चमकणारा. मशीन एकेक पेशी ओळीनं पुढं सोडतं. चमकली की नोंद. तुमच्यासारखी मधेच घुसत न्हाईत त्या. रांगेत जातात बिचाऱ्या."

मशीनचा मूड मात्र रोज वेगळा. म्हणून पेशंटच्या आधी ओळखीचं, निरोगी रक्त त्यातून सोडायचं आणि बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे. हे ओळखीचं रक्त म्हणजे बाई. इतर निरोगी माणसं अधूनमधून यायची, रक्त द्यायची, बिस्किटं खाऊन जायची. रोजची मोजपट्टी मात्र बाईच. "माझ्या पेशींनी कधी खाडा केला न्हाई," असं त्या दंडावर बोटं आपटून सांगत.

या मोजपट्टीचा अंमल हळूहळू रक्ताबाहेरही पसरला होता. चहात दीड चमचा साखर नॉर्मल. दोन चमचे म्हणजे लाड. पावणेदोनशे पावलांत फाटकापासून लिफ्टपर्यंत पोचणं नॉर्मल, त्याहून जास्त लागली तर पायाची तपासणी. एकदा वृंदा माझ्याबरोबर आली तेव्हा बाईंनी तिला सल्ला दिला, "आठवड्यातून दोनदा भांडण नॉर्मल हाय. तिसऱ्यांदा भांडले तर घेऊन या, बघू काय वाढलंय ते." वृंदाला हे इतकं पटलं की घरी येताच तिनं कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली.

पण आमच्या दोघांतलं खरं युद्ध होतं ते अर्ध्या तासाचं. धावपळ, भीती, चिडचिड, एवढंच काय सुईच्या नुसत्या दर्शनानंही काही हार्मोन उसळतात. म्हणून रक्त काढण्याआधी पेशंटनं पडद्यामागच्या कॉटवर अर्धा तास गप्प पडून राहायचं. बोलणं बंद, मोबाईल बंद, संसार बंद. मी सोसायटीच्या गणपतीत सलग अकरा वर्षं निवेदन केलेला माणूस. चौथ्या मिनिटाला मी छताच्या पंख्याबद्दल काहीतरी बोललोच.

"नाटके!" पडद्याबाहेरून आवाज.

"बाई, माझं आडनाव नाटके नाही."

"तुमचा धंदा तोच. बोललात. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून."

एका सकाळी मी असा अर्धा तास अडीच तास पडून होतो.

त्या खोलीच्या खाली मसाल्याच्या गोदामाचा रस्ता होता. एकदा एका ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. बाई पांढरा कोट आणि हातमोज्यांसह खाली उतरल्या. मी नियम मोडून खिडकीत गेलो.

"ओ भाऊ, हॉर्न बंद करा. वर माणसं पडून हायेत."

"दवाखाना हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"मोजमाप चाललंय. तुमी हॉर्न वाजवला की त्यांच्या रक्तात उड्या पडत्यात."

ड्रायव्हरनं खिडकीतल्या माझ्याकडे बघितलं. माझा जबडा आणि माझं नाक बघून त्याला ते पटलं असावं. पुढच्या वेळी गेलो तर मागचा ट्रकवाला पुढच्याला ओरडून सांगत होता, "हितं नको वाजवू, वर रक्तात उड्या पडत्यात!" एकजण तर वर येऊन विचारून गेला, घाटात गाडी उतरवताना माझ्यापण पडतात का बघता का. बाईंनी त्याला अर्धा तास झोपवलं. तो खरोखर झोपला आणि घोरला. बाईंनी मला त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं.

असं सगळं सुरळीत चालू असताना गेल्या वर्षी मॅडमच्या कपाळावर आठी दिसायला लागली. आकडे सरकत होते. एकाचे नाही, सगळ्यांचे, आणि सगळ्यांचे एकाच दिशेनं. माझ्यासारखे वाढीच्या हार्मोनवाले, दुधाचं हार्मोन चढलेले, ग्रंथी थकून बसलेले, सगळे जणू ठरवून एका बाजूला चालले होते. मॅडमनी मशीन उघडून साफ करून घेतलं. रंगाची नवी बाटली मागवली. बाईंनी एसीवाल्याला झापलं, मशीनवाल्याला झापलं आणि शेवटी आम्हाला झापलं. "तुमीच पथ्य पाळत न्हाई. सगळे मिळून बिघडलाय."

त्या प्रयोगशाळेत संशय घेतला नाही अशी एकच वस्तू उरली होती, आणि ती रोज सव्वानऊला सहीनिशी हजर होती.

मला तरी कुठं कळलं होतं? बाई अलीकडे दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत यायच्या आणि चौकटीकडे रागानं बघायच्या, "हे दार कुणी सरकवलं?" मी बाजूनं नमस्कार केला तर उत्तर द्यायच्या नाहीत. मला वाटलं, पंख्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

मग तो दिवस आला. बाई कोपऱ्यातल्या खोक्यातून हातमोजे काढत होत्या. पूर्वी त्या सगळ्यात लहान मापाचे घालत. त्या दिवशी त्यांनी मोठ्या मापाचं खोकं उघडलं, तरी हात आत जाताना कुरकुरत होता.

"बाई, मोठं माप?"

"कंपनीनं माप बदललंय ओ. मेले लहान करून विकतात."

मी चपापलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. वाशीच्या चपलांच्या दुकानात, दुकानदाराशी हुज्जत घालताना, माझ्याच आवाजात. दोन वर्षं मी त्या वाक्यावर काढली होती.

बाई माझ्या कॉटवरची उशी सरळ करायला वाकल्या आणि त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकासमोर लोंबायला लागलं. त्यावर जुना फोटो. निमुळती हनुवटी, बारीक नाक. मी वर चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. दोघी बहिणी वाटाव्यात. त्यातली वरची थोरली आणि तालमीत जाणारी. माझ्या डॉक्टरांनीसुद्धा माझे जुने फोटो टेबलावर मांडूनच मला माझा आजार दाखवला होता.

मी अर्धा तास एक शब्द बोललो नाही.

"काय ओ नाटके, बरं न्हाई का?" बाईंनी पडदा बाजूला केला. "मशीन बिघडलं का तुमचं?"

"बाई, एक पैज लावता? तुमच्या बोटातली ती अंगठी काढून दाखवा. काढलीत, तर वर्षभर मी इथं तोंड उघडणार नाही."

आमिष जबरदस्त होतं. बाईंनी अंगठी ओढली. मग बेसिनपाशी जाऊन साबण लावला. मग दोरा गुंडाळला. पाणी वाहत होतं आणि बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी नळ बंद केला.

"उकाड्यानं सुजलंय."

"मीही उकाड्याचंच नाव घ्यायचो."

"गप पडा! इतकी वर्षं मी हेच चेहरे बघते. मला कळलं नसतं?"

"आपला चेहरा रोज बघतो ना आपण, म्हणून तर कळत नाही. आमच्या वृंदालासुद्धा कळला नाही माझा, आणि ती माझ्यात रोज एक खोट काढते."

बाई हसल्या नाहीत. "आज तुमचं रक्त नको," म्हणाल्या. "जावा घरी." त्या प्रयोगशाळेतून मी रिकाम्या हातानं, म्हणजे भरल्या दंडानं, परत गेलो ते त्या एकाच दिवशी.

आठवड्यानं फोन आला. "नाटके, या. तुमचं राहिलंय." मी गेलो, कॉटवर पडलो, पडदा ओढला गेला. थोड्या वेळानं मॅडमची पावलं वाजली. तिथं तपासणीला जाणाऱ्या पेशंटच्या ट्यूबवर नावं नसतात, नुसते नंबर असतात, म्हणजे मोजणाऱ्याला कुठली कुणाची ते कळू नये.

"बाई, हा नवा नंबर कुणाचा? याची फाइल कुठाय?" मॅडमच्या हातात कागद फडफडत होता. "ग्रोथ हार्मोनचं बघितलंत? याला आजच्या आज बोलवा. एमआरआय, डोळे, सगळं करायला हवं. इतके दिवस हा माणूस गप्प कसा बसला?"

"गप्प न्हवता मॅडम," बाई म्हणाल्या. "रोज सव्वानऊला हजर होता."

मग जी शांतता झाली तिच्यात माझ्या रक्तातसुद्धा एकही उडी पडली नसेल. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या.

"सगळं टाकून द्या मॅडम. वाकड्या पट्टीनं मोजलं मी लोकांना. त्यांनी भरवशानं दंड पुढं केले." त्यांनी हातमोज्यानंच डोळे पुसले आणि लगेच तो हातमोजा बदलला, कारण तसा नियम होता.

मॅडमनी दुसरं स्टूल ओढलं. "बाई, आजाराचं नाव पडायच्या आधीचं रक्त कुठल्या पेशंटचं मिळतं आपल्याला? एकाचंही नाही. सगळे येतात ते गाठ घेऊनच येतात. आणि तुमचं? रोजचं आहे. निरोगी होतात तेव्हापासूनचं. एका माणसाच्या बेली दिवसागणिक कशा बदलत गेल्या, ते तुम्ही तुमच्या हातानं लिहून ठेवलंय. मी हे टाकू?"

बाईंनी नवा हातमोजा मनगटापर्यंत ओढला. "म्हणजे मी बिघडले, ते पण टापटिपीनं."

मला हसू आवरलं नाही.

"नाटके! घड्याळ पुन्हा पहिल्यापासून!"

बाईंची गाठ माझ्या गाठीपेक्षा मोठी निघाली. ती वर चढून डोळ्यांच्या नसांवर बसली होती, त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंचं दिसणं गेलं होतं, टांग्याच्या घोड्याला झापडं लावावीत तसं. चौकटी आपल्या जागीच होत्या, आणि माझे नमस्कारही. सर्जन म्हणाले, गाठ निघाल्यावर नजर परत येईल किंवा येणार नाही, आत्ता सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा बाईंनी तेवढाच विषय काढला. "सुई मारायला समोरचं दिसलं की भागतं ओ. पण ट्यूबचं रॅक बाजूला असतं. बाजूचं दिसलं न्हाई, तर एका सकाळीत मी अख्ख्या नवी मुंबईचं रक्त अदलाबदल करीन. मग मला तिथं ठेवतील कशाला?"

यावर मी माझ्या ऑपरेशनचा संपूर्ण प्रयोग करून दाखवला. नाकातून दुर्बीण कशी जाते, शुद्धीवर येताना मी भूलतज्ज्ञाला टाळ्या वाजवायला कसं सांगितलं, नाकातले बोळे काढताना मी कुठल्या पट्टीत गायलो. बाईंना यातलं सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी मला पाऊण तास बोलू दिलं. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. तेव्हा मला समजलं की त्या घाबरल्या आहेत.

बाई आता तुर्भ्यात नाहीत. निवृत्त होऊन साताऱ्याकडे भावाच्या शेजारी राहायला गेल्या. त्यांच्या जागी आता पाच निरोगी माणसं पाळीपाळीनं 'नॉर्मल' होतात, आणि आपल्यात जास्त नॉर्मल कोण यावर त्यांच्यात कुरबुरी चालतात. मी रोज जेवणाआधी अर्धा तास गप्प पडून राहतो. त्या संशोधनाचा आतापर्यंतचा सगळ्यात ठोस निष्कर्ष हाच, असं वृंदाचं मत आहे. पण निरोप समारंभाचं वर्णन मी करणार नाही. तिथं सगळे शहाण्यासारखे बोलले, त्यात काय सांगायचं? मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

मी, वृंदा आणि मॅडम वॉर्डात गेलो. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाखाली पट्टी, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. या ऑपरेशननंतर शरीरातलं पाणी बिघडू शकतं, म्हणून प्यायलेला प्रत्येक घोट मोजून लिहितात. नर्सनं शहाळ्याचं पाणी मापानं ग्लासात ओतून बाईंच्या डाव्या हाताच्या टेबलावर ठेवलं होतं आणि तक्त्यावर तसं लिहिलं होतं. मी त्या टेबलाशी उभा राहिलो. तेवढ्यात सर्जन आले आणि बाईंच्या समोर बसले.

"उजवा डोळा झाका. डाव्यानं माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही." त्यांनी हात लांबवून बाईंच्या डाव्या बाजूला, पार कडेला नेला. "इथं किती बोटं?"

बाईंनी उजव्या डोळ्यावरचा हात आणखी घट्ट दाबला.

सर्जननी हात थोडा हलवला. "सावकाश. किती?"

बाई नाकाकडे बघत राहिल्या. मॅडमनी मान खाली घातली. वृंदानं माझा दंड इतका घट्ट धरला की रबरी पट्ट्याची गरज पडली नसती. माझ्या घशाला कोरड पडली. हाताला जे पहिलं लागलं ते मी उचललं आणि घटाघटा प्यायला लागलो.

बाईंची नजर सर्जनच्या नाकावरून तसूभर ढळली नाही. त्या तशाच, समोर बघत, अख्खा वॉर्ड दचकेल अशा आवाजात ओरडल्या, "बोटं दोन हायेत हो डॉक्टर, पण आधी त्या नाटक्याला धरा, माझं मोजून ठेवलेलं पाणी ढोसतोय!"